पीपीई संपलं तर काय करायचं? दवाखान्यातल्या जुगाडाबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

सिस्टर, आशाताई, मावशी, लॅबमधली पोरं, अँब्युलन्सचे ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूनं मदत करायला निघालेले कोल्हापूरच्या उद्यमनगरातले वर्कशॉपवाले, शिलाई करणाऱ्या ताया, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. पीपीई म्हणजे संसर्गापासून वाचायला अंगावर घालायची साधनं, मास्क, शील्ड, गाऊन, ग्लोव्हज वगैरे. एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्याच भोवती आहे. शील्ड, ॲप्रन आणि गाऊन आपण आपल्या हातानं चांगले बनवू शकतो, पण मास्कचा फिल्टर आणि ग्लोव्हज नाही बनवू शकत. जे बनतं ते भरपूर बनवा, जे बनत नाही ते जपून वापरा, आणि या दोन्हींची गल्लत करू नका कारण त्यातच माणसं आजारी पडतात.

कोरोना गेला की, आता हे कशाला?

तुटवडा काय फक्त कोरोनातच येतो असं नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला, वाहतूक बंद, आणि २०२१ चा पूर तर कोरोना चालू असतानाच आला. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या उपकेंद्रांना धो धो पावसात माल वेळेवर पोचेलच असं कोण सांगणार. २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा मेडिकलमधले मास्क बघता बघता संपले होते. आणि टीबी तर बारा महिने आहेच, तिथं काम करणाऱ्या माणसाला एन९५, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणारा मास्क, रोजच लागतो, साथ असो नसो.

२०२० च्या सुरुवातीला कव्हरऑल, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचे सूट, आपल्या देशात जवळपास बनतच नव्हते. मे महिन्यापर्यंत रोज लाखांनी बनायला लागले, हे कौतुकाचंच आहे, पण मधल्या आठवड्यांत कोलकात्यात डॉक्टरांच्या हातात रेनकोट दिले गेले आणि हरियाणात एक डॉक्टर मोटारसायकलचं हेल्मेट घालून पेशंट बघत होते. ते मधले आठवडे परत कधीही येऊ शकतात, म्हणून हे.

स्टोअरमधला माल संपत आलाय, लगेच शिवायला बसायचं का?

नाही, आधी मागणी कमी करा. हे कुणालाच आवडत नाही कारण त्यात काही केल्यासारखं वाटत नाही, पण सगळ्यात जास्त माल इथंच वाचतो. खोलीत सहा जण कशाला जाताय, दोघं जा. औषध, बीपी, जेवण, सलाईन बदलणं हे सगळं एकाच फेरीत करा. जे फोनवर किंवा खिडकीतून विचारता येतं ते तिथूनच विचारा. पेशंटला मास्क द्या, तो तोंडानाकावर नीट बसला तर अर्धं काम होतं. खिडक्या सताड उघडा, समोरासमोरच्या दोन्ही, आणि पंखा असा लावा की वारं तुमच्या पाठीकडून येऊन पेशंटकडून बाहेर जाईल. थुंकीचा नमुना बंद खोलीत किंवा संडासात घ्यायचा नाही, बाहेर मोकळ्यावर घ्यायचा. एप्रिल २०२० ला केरळात एर्नाकुलममध्ये स्वॅब घ्यायला काचेचं बूथ केलं होतं, आत स्टाफ, बाहेर पेशंट, मधे फक्त ग्लोव्हज बसवलेली भोकं. म्हणजे प्रत्येक पेशंटमागं एक किट वाचलं. असलं बूथ आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या पोरांना अवघड नाही.

कव्हरऑल नाही, मग पेशंटजवळ जायचंच नाही का?

जायचं. अंगभर पांढरा सूट म्हणजेच पीपीई असं टीव्हीनं डोक्यात बसवलंय. कोरोनाच्या नेहमीच्या सेवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं मास्क, डोळ्यांचं संरक्षण, लांब बाह्यांचा गाऊन आणि ग्लोव्हज सांगितले होते, कव्हरऑल आणि बूट लागतातच असं म्हटलेलं नव्हतं. उलट कव्हरऑल काढायला अवघड, आणि घाईत काढताना बाहेरची घाण आत लागते. गाऊन पाठीमागून सुटतो, बाहेरची बाजू आत गुंडाळून टाकता येतो. तेव्हा पैसे आणि कापड मोजकं असेल तर गाऊनच शिवा.

रेनकोट चालेल? आपल्याकडं घरोघरी असतात.

पाणी अडतं, त्यामुळं काहीच नसेल तेव्हा चालेल, पण दोन गोष्टी बघा. एक, शिवणीवर आतून टेप आहे का. साधा रेनकोट शिवणीतून गळतो हे आपल्याला जून महिन्यातच कळतं आणि रक्त, उलटी पण तिथूनच आत येते. दोन, तो उलटा घालून पाठीमागं बंद करता येतो का, कारण पुढची चेन उघडताना हात घाण बाजूला लागतात. डोक्यातून काढायचा पोंचो तर अजिबात नको. धुता येतो हा मात्र त्याचा मोठा फायदा आहे.

गार्बेज बॅगचा ॲप्रन कसा करायचा?

हे नीट समजून घ्या कारण बहुतेक जण बॅगेला तीन भोकं पाडतात आणि बनियनसारखी डोक्यातून घालतात. घालताना काही बिघडत नाही, काढताना बिघडतं. पुढची भिजलेली बाजू गळ्यावरून, तोंडावरून, मास्कवरून घासत वर जाते, म्हणजे दिवसभर जे टाळलं ते शेवटच्या मिनिटाला तोंडाला लागलं.

त्याऐवजी मोठी जाड बॅग घ्या, ३० बाय ५० इंची चालते, तळाची बंद बाजू वर ठेवून जमिनीवर पसरा. पाठीमागचा फक्त एक थर मधोमध वरपासून खालपर्यंत उभा कापा. वर गळ्याला अर्धगोल, दोन्ही कोपऱ्यांत हातांसाठी कट. कापलेल्या तुकड्यांतूनच पट्ट्या काढा, एक मानेमागं, एक कमरेला. नाडी किंवा सुतळी लावू नका, प्लॅस्टिकचीच पट्टी पाहिजे, म्हणजे काढताना ग्लोव्हज घातलेल्या हातानं छातीजवळ धरून पुढं ओढली की पट्टी तुटते आणि ॲप्रन गाठ न सोडता पुढं निघून येतो, तसाच आत गुंडाळायचा. आमच्या शिवणाऱ्या ताया एक बॅग कापून बाकीच्यांसाठी पुठ्ठ्याचा नमुना करून ठेवतात, त्यामुळं नवीन पोरीला पण पटापट जमतं.

गाऊनला कुठलं कापड घ्यायचं? इचलकरंजीत, गांधीनगरात विचारलं तर दहा प्रकार दाखवतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुऊन परत वापरायचा असेल तर घट्ट विणीचं पॉलिस्टर-कॉटन घ्या, उजेडात धरल्यावर जाळी दिसायला नको, आणि वरनं थेंब टाकला तर लगेच जिरायला नको. एकदाच वापरायचा असेल तर नॉनवूव्हन, म्हणजे न विणलेलं कापड, पण नुसतं पिशव्यांचं पातळ नॉनवूव्हन ओलं झालं की झिरपतं. लॅमिनेशन केलेलं पाणी अडवतं, पण त्यात घाम लई येतो.

कापडापेक्षा शिवण महत्त्वाची. सुई गेली की भोक पडलं. खऱ्या कव्हरऑलला शिवणीवर गरम हवेनं टेप बसवतात, आणि २०२० मध्ये कोइमतूरच्या सिट्रा या संस्थेत कृत्रिम रक्त दाबानं सोडून कापड आणि शिवण दोन्हीची टेस्ट व्हायची, पुढं आयएस १७४२३ हे मानकही आलं. आपण घरी ती टेस्ट करू शकत नाही, म्हणून घरी शिवलेल्या गाऊनवर रक्त उडायच्या कामात कायम प्लॅस्टिकचा ॲप्रन घाला. छाती आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग सगळ्यात जास्त भिजतो, तिथं शिवण येऊच देऊ नका, जोड पाठीमागं आणि बगलेत घ्या. बाहीच्या टोकाला अंगठ्यासाठी लूप ठेवा म्हणजे बाही वर सरकत नाही आणि ग्लोव्ह तिच्यावर चढतो. पाठीमागं एकावर एक चढेल इतका घेर, लांबी पोटरीपर्यंत.

धुताना ६० ते ९० अंशाच्या गरम पाण्यात साबण टाकून मशीनला. मशीन नसेल तर बॅरलमध्ये गरम साबणाच्या पाण्यात भिजवा आणि काठीनं हलवा, हातानं आपटू नका, पाणी अंगावर उडतं. नंतर ०.०५ टक्के क्लोरीनमध्ये अर्धा तास, खळबळून उन्हात.

फेस शील्ड घरी बनते का?

बनते, आणि चांगली बनते. इथं जुगाडाची लाज वाटायचं काहीच कारण नाही. २०२० मध्ये जगभर थ्रीडी प्रिंटरवाल्यांनी, शाळाकॉलेजांनी हेच केलं. लक्ष्मीपुरीत स्टेशनरीच्या दुकानात ओएचपी शीट किंवा जाड पारदर्शक शीट मिळते. ए४ ची शीट आडवी लावली तर हनुवटी उघडी राहते, उभी लावली तर कान उघडे राहतात, म्हणून मोठी शीट घेऊन कापा, रुंदी साधारण ३३ सेंटीमीटर, उंची २५, म्हणजे बाजूनं कानापर्यंत आणि खाली हनुवटीच्या पुढं जाते. कपाळाला एक इंच जाड फोम, मागं इलॅस्टिक. स्टेपलरची पिन मारली तर तिची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि त्यावर टेप, नाहीतर कपाळ सोलतं. वरची फट फोमनं बंद झाली पाहिजे, कारण उभ्या माणसानं खोकलं तर वरून पण येतं.

वाफ धरत असेल तर आतून साबणाच्या पाण्याचा हात फिरवून वाळवा. रोज साबण पाण्यानं धुवा, मग ०.१ टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक), मग साधं पाणी. ॲक्रिलिकची शील्ड असेल तर स्पिरिटनं पुसू नका, पांढरी पडते.

शील्ड लावली तर मास्क नको ना?

पाहिजे. शील्डच्या खालून आणि बाजूनं हवा येते. शील्ड थेंब अडवते, मास्क श्वास गाळतो.

हेल्मेट किंवा ग्राइंडिंगचा गॉगल?

हेल्मेटचं आतलं गादीचं कापड स्वच्छ करता येत नाही आणि काढताना दोन्ही हात तोंडाजवळ येतात, त्यामुळं नको. ग्राइंडिंगचा गॉगल चांगला आहे, उद्यमनगरात कुठंही मिळतो, फक्त बाजूला सरळ आरपार भोकं असलेला घेऊ नका, झाकलेल्या जाळीवाला घ्या. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे.

एन९५ घरी शिवता येतो का? आमच्याकडं चार थरांचा कापडी मास्क करतात.

नाही. या एका उत्तरासाठी मी कुणाचंही मन दुखवायला तयार आहे. एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण कमीत कमी ९५ टक्के अडवणारा मास्क, आणि तो कण नुसत्या जाळीत अडकत नाही. आतल्या मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे वितळवून काढलेल्या अगदी बारीक प्लॅस्टिक तंतूंच्या थरावर कायमचा विद्युतभार दिलेला असतो, तो कण ओढून धरतो. कापडाचे चार काय आठ थर केले तरी तो भार येणार नाही, उलट श्वास जड झाला की हवा फटीतून बाजूनं जाते.

व्हिएतनाममध्ये हनोईच्या १४ दवाखान्यांत १६०७ कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. कापडी मास्कवाल्यांना सर्जिकल मास्कवाल्यांपेक्षा जास्त संसर्ग झाला. प्रयोगशाळेत त्या कापडी मास्कमधून जवळजवळ ९७ टक्के कण आरपार गेले होते. बाजारात जाताना कापडी मास्क ठीक आहे, वॉर्डात तो एकटा पुरत नाही.

मेणबत्ती विझली नाही म्हणजे मास्क चांगला ना?

नाही. जाड पुठ्ठा धरला तरी मेणबत्ती विझत नाही. त्यावरून फिल्टर कळत नाही, बाजूची फट तर अजिबात कळत नाही.

एसीचा किंवा हेपा फिल्टर कापून मास्कमध्ये घातला तर?

करू नका. काही फिल्टरमध्ये काचेचे तंतू असतात, कापल्यावर ते सुटतात आणि थेट फुफ्फुसात जातात.

एन९५ धुतला तर चालतो का? कुकरमध्ये वाफवला तर?

साबण आणि स्पिरिटनं तो भार जातो, मास्क दिसतो तसाच पण गाळत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. कुकरच्या किंवा ऑटोक्लेव्हच्या वाफेनं पुष्कळ मॉडेलचा आकार बिघडतो. मायक्रोवेव्हमध्ये नाकाची पट्टी ठिणग्या मारते. ७० अंशाच्या कोरड्या उष्णतेत फिल्टर टिकतो असं प्रयोगांत दिसलंय, पण घरच्या ओव्हनचा काटा किती खरा हे कुणी सांगायचं, आणि जिथं जेवण करतो तिथं वॉर्डातला मास्क घालायचाच नाही.

सोपा मार्ग म्हणजे आळीपाळी. प्रत्येकाला पाच-सहा मास्क, प्रत्येकाला कागदी पिशवी, वर नाव आणि वार. आज वापरलेला कमीत कमी पाच दिवस पिशवीत पडू द्या, मग परत. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम कोंडतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं तुटवड्यात साधारण पाच वेळाच घाला असं सांगितलं होतं, कारण दर वेळी इलॅस्टिक ढिलं पडतं. ओला झाला, रक्त लागलं, पट्टा सैल झाला, श्वास जड यायला लागला, की टाका. वरनं शील्ड लावली तर मास्कवर थेंब कमी बसतात आणि तो जास्त टिकतो, म्हणून पण शील्ड भरपूर बनवा म्हणतेय.

एकानं वापरलेला दुसऱ्यानं घालायचा नाही, नवराबायको एकाच दवाखान्यात असले तरी.

बनावट एन९५ ओळखायचा कसा?

छापलेलं वाचा. आयएस ९४७३ आणि एफएफपी२ असेल तर आपलं भारतीय मानक. निओश (मास्कला मान्यता देणारी अमेरिकी संस्था) असं लिहून कानात अडकवायचे लूप असतील तर संशय घ्या, निओशची मान्यता असलेल्याला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. आणि घालून बघा: दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास आत घेतला की मास्क तोंडावर चिकटला पाहिजे, बाहेर सोडला की डोळ्यांवर हवा यायला नको. दाढी असेल तर कुठलाच एन९५ बसत नाही. दादा लोकांनो, ड्युटी असेपर्यंत दाढी काढा.

फौंड्रीत धुळीसाठी वापरतात ते मास्क चालतील का?

ही आपल्या कोल्हापूरची जमेची बाजू आहे. वाळूच्या धुळीसाठी, स्प्रे पेंटिंगसाठी एमआयडीसीत रबरी हाफ मास्क असतात, दोन बाजूला बदलता येणारे फिल्टर. कणांसाठीचा फिल्टर असेल तर एन९५ इतकंच किंवा त्याहून चांगलं संरक्षण मिळतं, रबर धुता येतं आणि एकच माणूस महिनोन्महिने वापरू शकतो. नुसता वासासाठीचा कोळशाचा फिल्टर असेल तर उपयोग नाही, डब्यावर बघा. श्वास सोडायचा व्हॉल्व्ह गाळत नाही, त्यामुळं स्वतःला सर्दीखोकला असेल तर त्यावर सर्जिकल मास्क बांधा.

फक्त सर्जिकल मास्क आहेत. काय करू?

फटी बंद करा. कानाचा लूप मास्कच्या कडेजवळ गाठ मारून आखूड करा, बाजूची घडी आत खोचा. किंवा वरनं घट्ट कापडी मास्क बांधा. सीडीसीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये पुतळ्यांवर बघितलं तर नुसत्या सर्जिकलनं खोकल्याचे ४२ टक्के कण अडले आणि वर कापडी बांधल्यावर ९२ टक्क्यांच्या वर. पण पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालणं, सक्शननं कफ ओढणं, नेब्युलायझर, टीबीचा वॉर्ड, इथं हे पुरणार नाही. शिल्लक एन९५ याच कामांसाठी कुलपात ठेवा, ऑफिसात बसणाऱ्या साहेबांना नकोत, हे मी मनापासून सांगतेय.

ग्लोव्हज नाहीत, प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधू?

नको, पकड जाते आणि मनगटाकडून आत गळतं. बीपी, ताप बघणं, गोळ्या देणं याला ग्लोव्हज लागतच नाहीत, हात धुतले की झालं. एकच जोड घालून पाच पेशंट बघण्यापेक्षा उघडे धुतलेले हात कितीतरी बरे. रक्त, सुई, जखम, संडास साफ करणं यासाठी ग्लोव्हज राखून ठेवा. मावशींना भांडी घासायचे जाड रबरी ग्लोव्हज द्या, ते धुऊन परत वापरता येतात.

शू कव्हर?

गमबूट. खताच्या दुकानात मिळतात, धुता येतात, आणि पुराच्या पाण्यात काम करताना लेप्टोस्पायरोसिस या आजारापासूनही पाय वाचतात.

हायपोचं पाणी किती करायचं?

५ टक्क्याचं घेतलं तर एक भाग हायपो आणि नऊ भाग पाणी, म्हणजे ०.५ टक्के, हे रक्ताच्या सांडलवंडीला. एक भाग आणि एकोणपन्नास भाग पाणी म्हणजे ०.१ टक्के, हे शील्ड, गॉगल, टेबलाला. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर लिटरला साधारण १५ ग्रॅम टाकून ०.५ टक्क्याचं होतं. रोज नवीन करा. संडासच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. माणसाच्या अंगावर फवारू नका.

पेशंटच्या डोक्यावर ठेवायची ॲक्रिलिकची पेटी करून देतो म्हणतात एक वर्कशॉपवाले.

त्यांना धन्यवाद सांगा आणि शील्ड करून मागा. नळी घालताना ती पेटी हातांच्या आड येते, वेळ जातो. हवा ओढून घेणारी सोय नसलेल्या असल्या पेट्यांची तातडीची परवानगी औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं ऑगस्ट २०२० मध्ये काढून घेतली.

काढायचा क्रम काय?

आधी ग्लोव्हज आणि गाऊन, मग हात धुवा. मग शील्ड, मागच्या इलॅस्टिकला धरून. मग खोलीबाहेर या आणि तिथं मास्क, मागच्या पट्ट्यांना धरून, पुढं हात न लावता. परत हात. थकलेला माणूस इथंच चुकतो, म्हणून समोर एकजण उभा राहून मोठ्यानं एकेक पायरी सांगत असला पाहिजे. एप्रिल-मेच्या उकाड्यात चार तासांच्या वर कुणाला किटमध्ये ठेवू नका, आत जायच्या आधी पाणी पिऊ द्या. किट घातलं म्हणून पाणीच पीत नाहीत पोरी, लघवीला जावं लागेल म्हणून, आणि चक्कर येऊन पडतात. अशा पोरीला मधेच बाहेर काढायला एक किट गेलं तरी चालेल.

आशाताईंनी घरी भेटीला जाताना काय करायचं?

सोप्यात आत जाऊ नका, अंगणात थांबा, पेशंटला बाहेर बोलवा, दोघांच्या तोंडाला मास्क, मधे सहा फूट. वारं कुठून येतंय बघून उभ्या राहा. रजिस्टरवर सही नको, तुम्हीच टिपून घ्या. खोकणारा पेशंट उठूच शकत नसेल आणि तुमच्याकडं एन९५ नसेल तर आत न जाता पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) फोन करा, तो तुमचा हक्क आहे.

आम्हाला बनवून द्यायचंय, कुणाला द्यायचं?

आधी विचारा, मग बनवा. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला विचारा काय कमी आहे, नमुन्याचा एकच नग नेऊन सिस्टरना घालून, वाकून, हात वर करून बघायला सांगा. मग पुढचे. प्रत्येक गठ्ठ्यावर लिहा: घरी बनवलेलं, टेस्ट केलेलं नाही, कापड कुठलं, तारीख काय, धुता येतं की नाही. वैयक्तिक ओळखीनं एखाद्या डॉक्टरच्या गाडीत ठेवू नका, तिथून ते मावशींपर्यंत पोचत नाही, आणि वॉर्डातली उलटी पुसायला मावशीच जातात.